सतरा नंबरचा रेणू

३ मार्च
आजपासून कडक गुप्तता. सतरा नंबरच्या रेणूने कमाल केली! तो घातलेल्या पेशींत विषाणू वाढलाच नाही. प्रयोगशाळेतला माझा करार महिनाअखेर संपतोय. आता वाढवून देणार नाहीत तर जातील कुठे? शेजारच्या टेबलावरची बाई (पावलांचा आवाज होत नाही, म्हणून मनातल्या मनात 'मांजर') विचारत होती, "काय, जमतंय का?" हिला काय करायचंय?

४ मार्च
बायको म्हणते, तिला दाखव, तिचा अनुभव दांडगा आहे. बायको भोळी आहे.

९ मार्च, सकाळी ९.१०
घात! पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या ज्या खळग्यांत विषाणू नव्हता, नुसतं औषध होतं, तिथल्याही पेशी मरून तरंगताहेत. माझ्या औषधाने? शक्यच नाही. कोणीतरी काहीतरी टाकलंय. मांजर काल इन्क्युबेटरपाशी घुटमळत होती.

१० मार्च
ते खळगे आलेखातून वगळले. घातपाताचे आकडे विज्ञानात धरत नाहीत.

१३ मार्च
मांजर तीनदा आली. सतरा नंबरबद्दल बोलायचंय म्हणे. नंबर हिला कळला कसा? तिन्ही वेळा फोन आल्याचं दाखवून बाहेर सटकलो. संध्याकाळी संचालकांच्या ऑफिसात तिच्याविरुद्ध दोन पानी तक्रार दिली. अक्षर छान आलंय.

२० मार्च
बैठक. आलेख दाखवला. प्रमुख मॅडमनी एकच विचारलं: नुसत्या औषधात पेशी जगल्या का? मी घातपाताचं सांगितलं. तेव्हा मांजर उठली. दोन वर्षांपूर्वीची वही उघडली. सतरा नंबर तिने आधीच तपासलाय. एवढ्या डोसला पेशीच मरतात.
मॅडम म्हणाल्या, "अहो, विषाणू वाढायला पेशी जिवंत लागते. तुम्ही घरच जाळलंत, म्हणून ढेकूण मेले!"
सगळे हसले. मांजर हसली नाही. उलट म्हणाली, डोस कमी करून बघू या, पेशी जगतील आणि विषाणूही थोडा रोखला जाईल कदाचित. करार तीन महिने वाढला. तिच्या हाताखाली.
ती का हसली नाही?

२३ मार्च
तक्रार मागे घ्यायला गेलो. क्लार्क म्हणाला, जिच्याविरुद्ध दिलीत तिची सही आणा. तिने दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. सही केली. मग म्हणाली, "रविवारी मी गावाला चाललेय. माझ्या पेशींचं खाद्य तेवढं बदलाल?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२९ मार्च, रविवार
तिच्या पेशींचं खाद्य बदललं. आता काही बिघडलं तर संशय कोणावर येणार? चार वेळा जाऊन पाहून आलो. जिवंत आहेत. पाचव्यांदा निघालोय. बायको म्हणते, चपला तरी घालून जा.