फुलानं परत घेतलेली साखर

३ फेब्रुवारी

नागोबानं आज माझं जनुक गिळलं! भर सभागृहात, माइकवर, सरांच्या डोळ्यांदेखत. तोंडानं "आम्ही शोधलं" म्हणत होता आणि पडद्यावर नाव एकट्याचं. मी कुठं? शेवटी, आभारांत. काचा धुणाऱ्या मावशी आणि वीजदुरुस्तीवाला, यांच्या मधोमध!

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बीळ मी खणलं. फुलाच्या बुडाशी मकरंद बनतो, तिथं एक एन्झाइम दोन साध्या साखरा जोडायला लागतं. ते एन्झाइम बनवायचा हुकूम कोणतं जनुक देतं, ते मी शोधलं. जनुक गप्प केलं की फूल कोरडं ठणठणीत. माझी उमेदीची वर्षं त्या काचघरात गेली. हा तिकडे फोटो काढून घ्यायला यायचा.

सर म्हणाले, "ताणू नका हो. नाव कुणाचंही असो, काम संस्थेचं." मग पडद्यावर त्याचं एकट्याचं का, सर? विचारलं नाही. दातओठ खाल्ले आणि जागेवर जाऊन बसले.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. म्हणाली, "त्याचं वाटोळं होईल बघ." कधी, ते मात्र सांगत नाही!

९ फेब्रुवारी

अठरा तारखेला बाहेरची समिती येणार. प्रमुख एक वयस्क बाई, हयात फुलांच्या साखरेत घालवलेली. त्या स्वतः काचेच्या बारीक नळीनं मकरंद ओढून बघणार. निरोगी रांगेत मिळाला, जनुक गप्प केलेल्या रांगेत नाही मिळाला, की शोधावर शिक्का. नव्या विभागाचा प्रमुख — नागोबा!

जिभेवर साखर घोळवत आला होता. "ताई, तू असशील ना गं त्या दिवशी? तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

असेन की. तुझ्या नाकावर टिच्चून असेन.

१६ फेब्रुवारी

आज देव पावला.

काचघरात गेले तर नागोबा हातात कुंचला घेऊन निरोगी रांगेतल्या एकेका फुलावर परागकण लावतोय! म्हटलं, हे काय? "बाईंना जाताना ताजं बियाणं मिळेल असं सांगायचंय. छाप पडेल!"

अरे गाढवा! या झाडाचं फूल फळलं की उरलेली साखर परत ओढून घेतं. पाहुणे जेवून गेल्यावर उरलेलं आत उचलून ठेवावं, तसं. दीड दिवसात फूल वरून टवटवीत आणि आत थेंब नाही. झाडांजवळ चार दिवस बसला असता तर कळलं असतं.

सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हटलं, "वरच्या फांदीवरची राहिली बघ."

"ताई, तुझी नजर म्हणजे!" म्हणाला, आणि स्टुलावर चढला.

१७ फेब्रुवारी

उद्या नवे कपडे घालणार. तमाशा पुढं उभं राहून बघायचा.

१८ फेब्रुवारी

बाईंनी पहिल्या फुलात नळी घातली. रिकामी. दुसऱ्या. रिकामी. त्यांनी तिसरं फूल घेतलं. समितीतला एक जण म्हणाला, "दोन्ही रांगांत सारखाच दुष्काळ दिसतोय!" नागोबाचा चेहरा पांढराफटक. मला इतका आनंद झाला की गाल आतून चावून धरला.

आणि मग तो म्हणाला — "खरं सांगायचं तर मॅडम, हे सगळं काम ताईंचं. जनुक, झाडं, सगळं. मी फक्त मांडणी केली." सर लगेच, "हो हो, मुळात त्यांचंच."

सगळे माझ्याकडे वळले. ज्यासाठी जीव टाकला ते नाव मिळालं, तेही असं, दुसऱ्याच्या अंगणातला कचरा आपल्या दारात लोटावा तसं! किंचाळावंसं वाटलं. पण तेवढ्यात डोकं चाललं.

"हे इतिवृत्तात लिहून घ्या," मी म्हटलं. "त्यांच्याच शब्दांत. सहीसकट."

त्यानं सही केली! जीव वाचला म्हणून चक्क हसत केली. मग मी बाईंना म्हटलं, "परवा पुन्हा याल? कळ्यांचा पुढचा फेर उमलेल. तोवर काचघराला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "येते," म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

भरली! नळी काठोकाठ भरली! प्रत्येक फुलाला! शेजारची रांग कोरडी, हवी तशी कोरडी.

नागोबा पुढं सरकला. "मॅडम, तसं पाहिलं तर आम्ही दोघांनी मिळून—"

बाई म्हणाल्या, "परवा तुम्ही सही करून सांगितलंत की तुमचं काही नाही."

आई गं, त्याचं थोबाड! सर भिंतीवरचा तापमापक वाचत उभे राहिले. जिरली! एकदाची जिरली! घरी येताना मी रस्त्यात मोठ्यानं हसले, लोक बघायला लागले तरी हसले.

२१ फेब्रुवारी

निघण्याआधी बाईंनी मला एकटीला बोलावलं. "पहिल्या दिवशीची फुलं फळलेली होती, ते मला तेव्हाच कळलं. तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं नाही. "हो," म्हटलं.

"तुमचे जुने शोधनिबंध मी वाचलेत. काम कुणाचं, हे माहीत असूनच मी आले होते. तेच सगळ्यांसमोर विचारणार होते. आणि तुम्हाला माझ्याकडे न्यायचं ठरवलं होतं, माझ्यानंतर सगळं सांभाळायला." त्यांनी बॅगेची चेन लावली. "नाव तुमचंच लागेल, ते मी बघते. पण माझी झाडं आता तुमच्या हाती देववत नाहीत."

मी "बरं" म्हणाले.