हिरवा आकडा

आंग मो किओ, सिंगापूर
९ एप्रिल २०१७

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. खालच्या हॉकर सेंटरमधली बाई आता न सांगता माझ्या नूडल्समध्ये तिखट जास्त घालते. तुमचं कानाचं यंत्र अजून शिट्टी मारतं का?

पत्र पोचलं. तळ्यावरचे बगळे मोजलेत, छान केलंत. तुम्ही विचारलंय, मी दिलेल्या दुर्बिणीतला अंतराचा आकडा पस्तीस मीटरपर्यंत हिरवा आणि पुढे लाल का होतो, बिघडली तर नाही ना? बिघडलेली नाही. ती मर्यादा मीच ठरवली होती.

ती पक्ष्यांसाठी केलेली नाही, बाबा. धनुष्याने मोठी जनावरं मारणाऱ्यांसाठी आहे, जिथे तसा परवाना मिळतो तिथे विकतात. हिरवा म्हणजे इथून बाण सोडला तर हरीण लवकर मरेल.

रायफलची गोळी आवाजाच्या आधी पोचते. बाण नंतर पोचतो. पस्तीस मीटरवर दोरीचा आवाज ऐकून हरणाला तीन दशांश सेकंद मिळतात. ते फार तर दचकतं. पंचावन्नवर अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात ते वळतं आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पोटात शिरतो. मग ते कित्येक तास चालत राहतं.

जानेवारीत श्रीनिवास सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, नवा तक्ता पुढे ठेवला. मर्यादा पंचावन्न.

"सर, हे चूक आहे."

"अगं, आपण कुठे मारतोय? आपण अंतर मोजतो."

"मग रंग कशाला देतो?"

ते हसले. "तुझा पास एप्रिलमध्ये संपतो ना?" एवढंच म्हणाले.

पास म्हणजे इथे काम करायचा परवाना, त्याचा अर्ज कंपनी करते. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा.

मी तक्त्यावर सही केली. गेल्या आठवड्यात पास दोन वर्षांनी वाढला. मी गेले असते तर दुसऱ्या कुणी साठ लिहिलं असतं, असं स्वतःला सांगते. हे बहुधा खरंही आहे. तरी रोज सांगावं लागतं.

रविवारी विहारात तुम्ही पोरांकडून जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणवून घेता आणि मग "आमच्या अंजलीने केली" म्हणून ही दुर्बीण त्यांच्या हातात देता. देऊ नका, असं लिहायला बसले होते. तीन कागद फाडले.

एवढं करा. नवे आकडे फोनवरून दुर्बिणीत येतात. तुमचा फोन विचारेल, अपडेट करू का? "नाही" दाबा. तो पुन्हा विचारेल. पुन्हा "नाही" दाबा.

मला दुसऱ्यांदा जमलं नाही.

तुमची,
अंजली