कसारा घाट चढण्यापूर्वी द्वारका आहेर हिने केलेली व्यवस्था

मी, द्वारका गोटीराम आहेर, वय चोवीस, अविवाहित, राहणार भद्रकाली, नाशिक, धंदा मोटारदुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. चुलते चिमाजीकाका यांनी आग्रह केला, पण ते बोलत असताना मी हसत होते, म्हणून त्याला दाब म्हणता येणार नाही. अक्षर काही ठिकाणी हलले आहे, ते भीतीने नव्हे. उद्या सकाळी गाडी काढायची आहे आणि ती घाट चढणार हे मला आज कळले आहे.

१. गाडी. चार सिलिंडरची, पितळी दिव्यांची, वयाने माझ्याहून मोठी. देवळाली कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना ती माझ्या वडिलांना विकून गेला. वडिलांनंतर ती माझी झाली. ती उभी असते ती पत्र्याची शेड मात्र काकांची आहे. त्यांना तिथे कांदा भरायचा आहे, मला तिथे माझा कारखाना काढायचा आहे. यावर काका म्हणाले, "घाट चढंना ती गाडी कशाची? कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत मधी न थांबता चढव, शेड तुझी. थांबली, का तिथूनच भंगारात. मी सोता शेजारी बसतो." मी हो म्हटले. तेव्हा ते म्हणाले, "मंग आधी मृत्युपत्र लिही. तुझ्या हातचा ब्रेक हाय तो."

मी उद्या दरीत गेले तर गाडी, अथवा तिचे जे उरेल ते, बद्रुद्दीनमिस्त्रींना मिळावे. ते वडिलांचे मित्र आणि माझे पहिले गुरू. मुंबईच्या तंत्रशाळेत मी शिकले ते नंतर.

२. हत्यारे. तीही मिस्त्रींनाच. पण गाडीचे दुखणे काय होते हे येथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कोणी पुन्हा चुकीच्या जागी शोधू नये.

गाडी थंड असताना उत्तम चाले. चढावर तापली की तिसरा सिलिंडर काम सोडी. काका म्हणत, "म्हातारी झाली, दम लागतो." मिस्त्रींनी त्याचा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून तो जिथे टेकतो ती बैठक दोनदा घासली. बैठक निर्दोष होती. दुखणे जाईना. आम्ही प्रत्येक वेळी इंजिन थंड झाल्यावर उघडत होतो, आणि थंड इंजिनात ते दुखणे नसतेच.

म्हणून आज मी गाडी पांडवलेण्यांच्या चढावर दमेपर्यंत पळवली आणि तापलेली असतानाच बॉनेट उघडले. या इंजिनात व्हॉल्व्हचे दांडे बाजूला उघडे दिसतात. मिस्त्रींनी हँडल सावकाश फिरवले. सगळे दांडे वर जात, खाली येत. तिसरा वर गेला आणि तिथेच राहिला. मी लाकडी मोगरीने हलकेच ठोका दिला. खट्! खाली आला.

मिस्त्री ओरडले, "अगं बेटा, हा तर अडकतोय!" मीही ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, बैठक चांगली. ज्या नळीतून दांडा सरकतो ती नळी आतून आवळलेली. दांडा दोन्ही वेळा पुसला गेला होता, नळीत कोणी पाहिले नव्हते. तारेला फडके गुंडाळून फिरवले तर तांबूस, कडक थर निघाला. मी तो नखाने खरवडला आणि लगेच ओळखला. आमच्या घरात तो रंग एकाच डबीत असतो. नळी साफ केली, पुन्हा तोच चढ चढलो. चारही सिलिंडर शेवटपर्यंत बोलत होते.

३. धोंडाआत्या. वडिलांची बहीण. गाडी आली तेव्हापासून दर दसऱ्याला ती इंजिनाला तिळाचे तेल आणि हळदकुंकू लावते. "तोंडाला नको, काळजाला लावायचं," हा तिचा नियम. नळ्यांच्या गर्दीतून तिचा हात पोचतो तो नेमका तिसऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यापर्यंत. तेल दांड्याबरोबर नळीत शिरले, उष्णतेने आटून राळेसारखे घट्ट झाले आणि कुंकू त्यात बसले. मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मीच तिचा गळा आवळत होते म्हण की!" आणि मग, "तरी चालत होती ना? चांगल्या घरची आहे."

दसऱ्याची पूजा करण्याचा हक्क आत्याकडे राहील. जागा मात्र रेडिएटरचे पितळी झाकण. माझे दागिने तिचे.

४. पांढरे हातमोजे. मला पाहायला स्थळ आले तेव्हा काळी बोटे झाकावीत म्हणून काकांनी आणलेले. स्थळ गेले. मोजे तापलेल्या इंजिनाला फार उपयोगी पडले. तेही मिस्त्रींना.

५. चिमाजीकाका. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये असे मी मानते. काका साक्षीदार आहेत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, कळून, सही केली.

द्वारका गोटीराम आहेर
साक्षीदार: चिमाजी आहेर. गोरक्ष सोनवणे, शेजारी.
नाशिक, ७ फेब्रुवारी १९३७

पुरवणी

बॉनेटवर पोते टाकून लिहीत आहे. पत्रा अजून तापलेला आहे.

शेवटच्या वळणावर बैलगाड्यांची रांग आडवी आली. रस्ता उरला नव्हता. माझा पाय ब्रेकवर गेला. थांबले असते तर गाडी गेली असती, शेडही गेली असती, आणि काकांना नुसते गप्प बसायचे होते. ते पायरीवर उभे राहिले, पागोटे काढून हलवू लागले आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असे ओरडले, "बाजूला व्हा रे! गाडी थांबायची नाय! द्वारके, हाण!"

मी हाणली. तिसरा शेवटपर्यंत बोलत होता.

वर आल्यावर मी विचारले, असे का केले. ते पागोटे बांधत म्हणाले, "कांदा कुठंबी ठेवता येतो."

म्हणून कलम ५ रद्द करते. माझ्या मागे गाडी कोणाचीही असो, शेजारच्या बैठकीवर हयातभर पहिला हक्क चिमाजीकाकांचा. या कारणास्तव त्यांना या पुरवणीवर साक्ष करता येणार नाही. ते रागावले आहेत.

द्वारका गोटीराम आहेर
साक्षीदार: वाळू भागडे, चहावाला. महेबूब शेख, सर्व्हिस मोटारचा चालक.
इगतपुरी, ८ फेब्रुवारी १९३७