सध्याच्या माणसांना येते का

सोमवार, ३ नोव्हेंबर

जुनाट! तोंडावर म्हणाले. बारा माणसांच्या मीटिंगमध्ये, पडद्यावर माझाच पर्ल भाषेतला कोड लावून. नवे तांत्रिक प्रमुख — वय एकतीस, येऊन दोन महिने, दर तिसऱ्या वाक्यात 'भविष्यात'. मी मनातल्या मनात त्यांना भविष्यवाले म्हणते. तर भविष्यवाले म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण पर्ल वाचताना कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त झोंबलं.

ते मांजर गेली सतरा वर्षं एकोणीस डायलिसिस केंद्रांचं वेळापत्रक सांभाळतंय! कुठला पेशंट कुठल्या मशीनवर, किती वाजता, मशीन बंद पडलं तर कोणाला कुठे हलवायचं — सगळं त्यातून. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध झालं नाही तर ही माणसं जगत नाहीत. आमच्या चुकीने आजवर एकाचीही पाळी हुकलेली नाही. पण भाषा जुनाट!

आता म्हणे 'निःपक्षपाती तुलना' होणार. पर्लच ठेवायची, की पायथन, गो, रस्ट यांतली एक घेऊन सगळं नव्याने लिहायचं. निकाल अठरा तारखेला. पर्ल हरली तर माझी रवानगी सपोर्टला. म्हणजे कानाला हेडफोन लावून 'एकदा बंद करून पुन्हा चालू करा' म्हणत बसायचं. या वयात!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तुलनेचा तक्ता आला. उघडला आणि हसूच आलं — हा तर माझाच! सतरा वर्षांपूर्वी फॉक्सप्रो सोडून पर्ल घेतली तेव्हा मीच बनवलेला नमुना कंपनी अजून वापरतेय. निकषांची वाक्यंसुद्धा माझीच. वेग, सुरक्षितता, तयार लायब्रऱ्या, चुका शोधायची साधनं... प्रत्येकाला भार, म्हणजे गुणांचं वजन, बेरीज शंभर. 'सध्याच्या माणसांना येते का' याला वीस. बरोबर आहे. यात तरी खोट काढायला जागा नाही.

एकच काम चारही भाषांत लिहून बघायचं : मशीन बंद पडलं की त्यावरचे पेशंट दुसरीकडे बसवणं. पर्लचं तयार आहे. पायथन शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला करणार, रस्ट स्वतः भविष्यवाले. गो माझ्या गळ्यात!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गो शिकतेय. राग यावा अशी भाषा नाही, याचाच राग येतोय.

एखादं व्हेरिएबल लिहिलं आणि वापरलं नाही तर प्रोग्राम चालतच नाही. थेट आमच्या सासूबाई — काढलेली वाटी वापरलीच पाहिजे, नाहीतर काढली कशाला? आणि दर दोन ओळींनी 'चूक आली का, आली का' विचारत बसायचं. पर्लमध्ये माझ्या चाळीस ओळी, इथे दीडशेच्या घरात. बोटं दुखली.

पण एक. मांडणी करणारं साधन सगळ्यांचा कोड एकसारखा करून टाकतं, त्यामुळे वाद घालायला काही उरत नाही. कालचं आज वाचलं, एका वाचनात कळलं. मग माझा तेरा वर्षांपूर्वीचा पर्लचा एक भाग काढला. समजायला अर्धा तास गेला. माझाच कोड! हे या पानाबाहेर जाणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दाढीवाला : "मॅडम, तुम्ही माउसला हातच लावत नाही. भांडण झालंय का?" भांडायला माणसं काय कमी आहेत!

सोमवार, १० नोव्हेंबर

भविष्यवाले चार दिवस रस्टच्या कोड तपासणाऱ्या कंपायलरशी झटतायत. हा पाच ओळींच्या कोडवर पंचवीस ओळींचं प्रवचन देतो. तेही अभिमानाने सांगतात, "एकदा याने पास केलं ना, की डोक्याला ताप नाही." पास करेल तेव्हा! दाढीवाल्याचं पायथन पहिल्याच दिवशी झालं होतं. फक्त मोठ्या केंद्राची यादी घातली की धापा टाकतं.

दुपारी नदीपलीकडच्या केंद्रातून मोठ्या सिस्टरांचा फोन. "ताई, सात नंबर गळतंय. चार पेशंट बाहेर बसलेत आणि तुमचं ते पान नुसतं फिरतंय." दोन केंद्रं एकाच मोकळ्या मशीनवर हक्क सांगून अडून बसली होती. अकरा मिनिटांत सोडवलं. चौघांनाही मशीन मिळालं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून, ताई!"

मी मुद्दाम फोन स्पीकरवर ठेवला होता. ऐकू दे की. भविष्यवाले खुर्ची वळवून काय म्हणाले? "मॅडम, हाच तर धोका आहे. तुम्ही आहात म्हणून."

कौतुकाचाही धोका करून ठेवला! बाटलीतलं पाणी एका दमात संपवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चोरी पकडली.

तक्ता पुन्हा उघडला तर 'सध्याच्या माणसांना येते का' — पाच! विसाचे पाच! आमच्या गिटमध्ये प्रत्येक फाइलीचा इतिहास राहतो : कोणी, कधी, काय बदललं. काढला. काल दुपारी दोन दहाला विसाचे पंधरा. दोन पंचवीसला दहा. दोन पन्नासला पाच. तिथून काढलेला भार सुरक्षिततेला. आधी पहिली पर्ल आणि तळाला रस्ट. शेवटच्या बदलानंतर रस्ट पहिली. मग बदल थांबले. का थांबणार नाहीत? हवं ते आलं ना! आधी निकाल, मग परीक्षा!

माझी सतरा वर्षं म्हणजे पाच गुण.

जाऊन विचारलं. जराही ओशाळले नाहीत. "मॅडम, तो निकष माणसांचा आहे, भाषेचा नाही. माणसं शिकतात. तुम्ही नाही का आठवड्यात गो शिकलात?" म्हणजे मी शिकले हाही माझ्याविरुद्धचा पुरावा!

घरी आल्यावर पहिल्या घासापासून बोलत होते. हे म्हणाले, "जेवताना तरी रस्ट नको." लेकीने विचारलं, "आई, तुझी भाषा अजून कोणी बोलतं का गं?" ताट तसंच ठेवून उठले. लेक मागून आली, सॉरी म्हणाली. तिचं काय चुकलं!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मास्तरांना फोन केला. माझ्याआधी हे वेळापत्रक त्यांनी फॉक्सप्रोमध्ये लिहिलं होतं, एकट्याने. मला कामाला लावलं त्यांनी, घडवलं त्यांनी. पर्ल आली तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. मग तीन वर्षं सपोर्टला बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. एका शब्दाने कुरकुर नाही. असा माणूस आता बघायला मिळत नाही.

सगळं ओतलं त्यांच्यापुढे. म्हटलं, "मास्तर, आपण केली होती ती खरी तुलना! महिनाभर! आणि तुम्ही स्वतः तपासून मान्यता दिलीत, तुमचीच भाषा जात असून. हे लोक मान्यता मिळवतात की चोरतात?"

म्हणाले, "आठवतो मला तुझा तक्ता." आणि मग, "गो आवडली का तुला?"

"छे!"

"खोटं बोलतेस," म्हणाले आणि हसले. "जेवून घे वेळेवर. रागात जेवत नाहीस तू."

रविवार, १६ नोव्हेंबर

ठरलं. मंगळवारी मीटिंगमध्ये दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावायचे — यांचा आणि आमचा, दोन्ही इतिहासासकट. प्रामाणिक तुलना कशाला म्हणतात ते बाराही जणांना दिसू दे. आमचा जुना तक्ता कुठेतरी असणारच. कागदपत्रंसुद्धा कोडसोबतच ठेवायची, ही मास्तरांची शिस्त. गिटवर आलो तेव्हा जुना इतिहास मीच ओळ न ओळ उतरवून घेतला होता.

चार पानी भाषण लिहिलं. 'भार बदलणं म्हणजे माणूस बदलणं' हे वाक्य मला फार आवडलंय. लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. पण यात श्वास कुठे घेतेस?" उद्या ऑफिसात जाऊन पहिलं काम म्हणजे तक्ता शोधणं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सापडला.

'सध्याच्या माणसांना येते का' — वीस. मग पंधरा. मग दहा. मग पाच. एकाच दुपारी. आधी फॉक्सप्रो पुढे, पाचावर आल्यावर पर्ल पुढे. तिन्ही बदलांसमोर माझं नाव.

विसरले होते असं लिहिणार होते. नव्हते विसरले.

खाली दोन दिवसांनंतरची मास्तरांची नोंद आहे. 'सगळे बदल एकेक करून पाहिले. मान्य.'

सतरा वर्षं मी सांगत आलेय की त्यांनी तपासून मान्यता दिली. तपासलंच होतं त्यांनी.