कडेचं झाड

राणेबेन्नूर, शुक्रवार

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून वीरेशचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझी कंबर आता कशी आहे?

इथे कंपनीच्या शेतावर बियाण्यासाठी निवडलेल्या टोमॅटोच्या झाडांना लाल दोरा बांधायचं काम माझ्याकडे आहे. तू दिलेल्या बियांचीही एक ओळ लावली आहे. तिच्यातलं एक झाड घोसांनी वाकलं, म्हणून मी त्याला दोरा बांधला. आमचे साहेब शिवनगौडा हसले. म्हणाले, "अरे शहाण्या, हे कडेचं झाड. कडेला ऊन-पाणी जास्त, तिथे काहीही फळतं. मधलं दाखव." मधली झाडं किरकोळ निघाली. सोमवारी सगळी ओळ उपटणार आहेत.

तेव्हापासून झोप लागत नाही. ज्याचं हे बी, ते आपलं घरचं झाड न्हाणीच्या पाण्यावर वाढलं होतं. सगळं गाव कौतुक करायचं, ते बियांचं होतं की पाण्याचं?

भिंतीवरच्या गोवरीत चिकटवलेलं थोडं बी उरलं आहे ना? असेल तर या वेळी न्हाणीपासून लांब, अंगणाच्या मधोमध चार रोपं लाव. आणि अव्वा, माझ्यासाठी म्हणून त्यांना गुपचूप जास्तीचं पाणी घालू नकोस.

तुझाच,
वीरेश