वरच्या ट्रेमधले स्फटिक

लोहारा, यवतमाळ
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळचे पावणेसहा
यंत्राचं दार पुसून, हात धुऊन बसलो आहे.

प्रिय पायलताई,
सप्रेम जय भीम.

नागपूरहून तुम्ही मुकुटबनला नीट पोचलात, हे भाऊजींकडून कळलं. आईच्या गुडघ्याला तेल लाव. मी बरा आहे.

दीक्षाभूमीच्या गर्दीत तू विचारलंस, "तू तेथी करतं तरी काय बे?" तेव्हा सांगता आलं नाही. आमच्याकडे प्रथिनांचे स्फटिक वाढवतात. ट्रेमध्ये बारीक बारीक थेंब, वरून पारदर्शक चिकटपट्टी. फ्रिजएवढं यंत्र आपणच ट्रे ओढतं, थेंबांचे काळेपांढरे फोटो काढतं आणि स्फटिक वाटला की हिरवी खूण करतं. मी ट्रे लावतो, फोटो चाळतो. बारावी नापासाला एवढंच.

आमच्या संशोधक केतकी मॅडम दोन वर्षं एकाच प्रथिनाच्या स्फटिकामागे आहेत. शुक्रवारी त्यांच्या ट्रेवर पहिल्यांदा हिरव्या खुणा आल्या, त्याही ढीगभर. मॅडम रडल्याच. प्रयोगशाळेचे प्रमुख नीळकंठ सर, त्यांनी पेढे वाटले. मला म्हणाले, "रोशन, तुले आता पक्का करून टाकतो!" माझ्या कंत्राटाची मुदत याच महिन्यात संपते, तुला माहीत आहे.

आज सकाळच्या फोटोत एक स्फटिक जागेवरून हललेला दिसला. पुढच्या फोटोत मुंगी. यंत्राने तिलाही हिरवी खूण दिली होती.

दसऱ्याला आपण नागपुरात असताना इथे यंत्राची पूजा झाली. एरवी दारावर हळदकुंकू लावून भागतं. या वेळी म्हणे दार उघडून सगळ्यात वरच्या, मॅडमच्याच ट्रेवर साखर-खोबरं ठेवलं, त्यांना यश यावं म्हणून. खोबरं उचललं, साखर थोडी पट्टीवर राहिली.

ताई, दिवसभर डोकं फिरलं आहे. गणपतीत मी टिळा नको म्हटलं, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं आपलं नेहमीच वेगळं!" आता बोललो तर काय ऐकावं लागेल ते पाठ आहे. नाही बोललो, तर उद्या ट्रे पुढच्या तपासणीला हैदराबादला जाईल आणि मॅडमचं हसं होईल. चूक त्यांची, घाम मला!

वर लिहिलं की दार पुसलं. खरं म्हणजे ट्रे पुसायला गेलो होतो. साखर गेली की स्फटिक गेले, कुणाला पत्ता नाही. विरघळले असतील म्हटलं असतं. कापड ट्रेपर्यंत नेलं आणि दार पुसून परत आलो.

मॅडम अजून आहेत. पेन ठेवतो.

साडेसात.

सांगितलं. मॅडमनी ट्रे उजेडात धरला. मागून सर आलेच. "काहून रे, तू नव्हता म्हणून आता पूजेले नावं ठेवून राह्यला का?"

मी हात मागे धरले.

मॅडमनी पट्टीवरचा एक कण बोटाने टिपला आणि जिभेवर ठेवला.

"साखर आहे, सर. मीच ठेवली होती."

सर उरलेल्या पेढ्यांचा डबा कपाटात टाकून निघून गेले. मॅडमनी कापड माझ्या हातात दिलं. "पूस," म्हणाल्या, आणि तोंड फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या. मी पुसलं. सगळे थेंब स्वच्छ, रिकामे.

माझ्या नोकरीचं कुणी काही म्हटलं नाही. आईला एवढंच सांग, की शुक्रवारी पेढे वाटले होते.

तुझा भाऊ,
रोशन