लोकांचे कपडे

प्रिय चिंगे,

बाळाचा फोटो पोचला. नाक तुझ्या बाबांचं घेतलंय, अगदी तसंच, टोकाला किंचित बसकं. जावईबापूंना ते त्यांच्या घरचं वाटत असेल तर वाटू दे, नाकावरून भांडू नकोस. थंड पाण्यात हात घालू नकोस आणि बाळ झोपलं की तूही झोप, दुपटी धूत बसू नकोस. ओल्या बाळंतिणीजवळ आईने असायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, मी इतक्या लांबून नुसती 'हं, हं' करते आणि तू विचारतेस, आई, तुझा आवाज असा सपाट का येतो? मी लाइनवर ढकलते. लाइन चांगली आहे गं.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं म्हणशील. वाचत जा. इथे आल्यापासून मी तुला घर छान आहे, थंडी फार आहे, काका चांगले आहेत, यापलीकडे काही सांगितलंच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने आपल्या नव्या संसाराचं लेकीला काय काय सांगायचं, हेही मला कळत नव्हतं. जग उलटं झालं होतं ना. मुलीने आईसाठी स्थळ शोधलं, मुलीनेच फोटो काढून पाठवला आणि विमानतळावर मुलीनेच कानात सांगितलं, नीट राहा गं, लगेच रुसू नकोस.

घर दुकानाच्या वर आहे हे तुला माहीत आहे. खाली कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात त्यांच्या पहिल्या बायकोचा फोटो. पहिल्याच सकाळी काका अवघडून म्हणाले, "काढून ठेवू का?" मी म्हटलं, "राहू दे हो, दिवसभर बोलायला कुणीतरी हवं." ते हसले. त्यांचं मराठी तीस वर्षांपूर्वी घेऊन आलेलं, बासनात गुंडाळून ठेवल्यासारखं कोरं करकरीत राहिलेलं. आमटी 'फक्कड' झाली म्हणायचे. तिकडे आता असं कोणी म्हणत नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

रोज सकाळी माझ्या आधी उठून चहा टाकायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "घेणार का अर्धा कप?" पाहुण्याला विचारावं तसं. मीही पाहुण्यासारखीच "चालेल" म्हणायची. दोघांचेही दात पडलेले आणि समोर ऊस ठेवलेला, अशी आमची गत. सावकाश चालली होती. पण चालली होती.

मग मी खाली दुकानात जायला लागले. आलेल्या कपड्याला कागदी चिठ्ठी टाचायची, तिचा दुसरा तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा. खिसे तपासायचे. तुटकी बटणं मी लावायची. बालवाडीत एवढी वर्षं पोरांची बटणंच लावली होती, ते कामाला आलं. काका वाफेच्या इस्त्रीशी उभे, बाही आधी, मग पाठ, कॉलर सगळ्यात शेवटी. इस्त्री झाली की प्लॅस्टिकचं कव्हर घालून लांब दांड्यावर टांगायचे. गिऱ्हाइकांशी ते इथल्या भाषेत इतकं बोलायचे, इतकं हसायचे, की मला वाटायचं, वर गेल्यावर हे बोलणं कुठे जातं? विचारीन कधीतरी, असं म्हणायची मनात. कुठे पळून जातायत, आता जन्म पडलाय.

चिंगे, तू गेले कित्येक दिवस विचारतेस, काका कुठायत, त्यांना फोन दे. आणि मी सांगते, दुकानात आहेत, अंघोळीला गेलेत, आत्ताच डोळा लागलाय. तुला नववा लागला होता, रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

ते गेले गं.

दुपारची वेळ होती. मी मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. कापड जळल्याचा वास आला. बाहेर आले तर काका स्टुलावर बसलेले, डोकं टांगलेल्या कपड्यांना टेकवलेलं, आणि इस्त्री एका कोटावर तशीच. काउंटरपलीकडे त्या कोटाची मालकीण चिठ्ठी हातात धरून उभी होती, तिला काही कळतच नव्हतं. मी काय केलं सांगू? आधी इस्त्री बंद केली. बटण दाबलं, इस्त्री उचलून उभी केली, आणि मग त्यांच्याकडे धावले. एवढ्यानं काही बिघडलं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तरी आधी इस्त्री, मग ते, हा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडी त्या बाईनेच बोलावली आणि ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिथली नर्स माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून विचारत होती. यांना आधी कधी छातीत दुखलं होतं का? कुठलं औषध चालू आहे? वडिलांना हा आजार होता? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तिने फॉर्मवरून मान वर करून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, बायको. तिने ते लिहून घेतलं, पण मलाच ते खोटं बोलल्यासारखं वाटलं. शेवटी दुसऱ्या शहरातून त्यांच्या मुलाने फोनवर सगळी उत्तरं दिली. संध्याकाळी सगळं संपलं.

मुलगा आला तो थेट स्वयंपाकघरात जाऊन आईच्या फोटोपुढे बसला. तिशी उलटलेला उंचापुरा माणूस, पोटात गुडघे घेऊन रडत होता. मी पाठीवर हात ठेवला. हुंदके देत देतच तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही जेवली का?" गुणी आहे. त्याच्या मोडक्या मराठीने गलबलून यायला हवं होतं, पण मला काहीच झालं नाही. मी भात लावला.

तुझे बाबा गेले तेव्हा माझा आवाज चार घरं पलीकडे गेला होता, आठवतंय तुला. चार बायकांनी मला धरलं होतं. इथे एका स्वच्छ हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, लोक एकेक करून येऊन माझा हात हातात घेत होते, आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या तरी दुःखात चुकून पुढच्या रांगेत बसवल्यासारखं वाटत होतं. आमची नीट ओळखही झाली नव्हती गं. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यासाठी रडायचं कुठून?

मुलगा म्हणाला, दुकान बंद करू. मी म्हटलं, आधी लोकांचे कपडे लोकांना जाऊ दे. दांडा भरलेला होता. तो कामावर परत गेला आणि मी दुकान उघडून बसले. खाते, झोपते, कपडे देते. हात चालतात, बाकी सगळं बधिर. लोक चिठ्ठी पुढे करायचे, माझ्या मागे नजर टाकून विचारायचे, ते कुठे आहेत? मला शब्द येत नव्हते. मी नुसती मान हलवायची.

मग लोकच बोलायला लागायचे. एक बसचा ड्रायव्हर काउंटरवर कोपरं टेकून डोळे पुसत होता. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी काकांनी दुकान लवकर उघडून त्याचा सूट इस्त्री करून दिला होता. एकाला त्यांनी बुद्धिबळात हरवलं होतं. ते बुद्धिबळ खेळतात हेच मला माहीत नव्हतं. आणि एक पियानो शिकवणारी म्हातारी आली. तिने स्वेटर घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे झोपेत हसणारी ती तूच." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने गालाखाली हात ठेवून झोपल्याची खूण केली, मग हसून दाखवलं. म्हणे ते सगळ्यांना सांगायचे, माझी बायको झोपेत हसते, मी जागा राहून ऐकतो.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनीही नाही.

ती गेली आणि मला राग आला. इतक्या दिवसांत मनात काही आलं, तर तो रागच. मी रिकाम्या दुकानात मोठ्यांदा म्हटलं, "अहो, मग मला सांगायला काय झालं होतं?" त्यांना 'अहो' म्हणून हाक मारायची ती माझी पहिली वेळ.

आता पत्र का लिहिलं ते. काल तू म्हणालीस, बाळ जरा मोठं झालं की तिकिटं काढते, दोघंही या. चिंगे, माझं एकटीचं काढ. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. ते मला जमलं नसतं. पत्र पोचेपर्यंत तुझ्या अंगात थोडी ताकद आली असेल. 'मीच आईला भरीस घातलं' असं मनातसुद्धा आणू नकोस. तुझी आत्या म्हणेल पांढऱ्या पायाची, म्हणू दे. मी येईन, बाळाला न्हाऊ घालीन, तुझ्या हातचं आयतं खाईन. पण परतीचंही तिकीट काढ. मी दुकान चालवायचं ठरवलंय, मुलगा हो म्हणालाय. तिकडे आपल्या गल्लीत यांना कुणी पाहिलेलंसुद्धा नाही. इथे रोज कुणी ना कुणी दार ढकलून आत येतं आणि यांचं काहीतरी सांगून जातं. माझी भाषा अजून कच्ची आहे, निम्मंच कळतं. सगळं कळायला लागेपर्यंत तरी मला इथे राहायचंय.

तुझीच,
आई